आय-थ्री टाकलं तर एक्सएफसीई उडणार का?

प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर (४ जीबी रॅम) लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई एडिशन टाकलीय, बरं चाललंय. एक मित्र म्हणतो आय-थ्री टाक, हलकं आहे. दुसरा म्हणतो एक्स-११ म्हातारं झालं, वेलँडवर जा. मी नक्की काय काढू न काय टाकू? फाइली उडणार नाहीत ना? – एक वाचक, सांगली

उत्तर : फाइलींना काही होत नाही, ते टेन्शन सोडा. तुमचे दोघे मित्र वेगवेगळ्या थरांबद्दल बोलतायत, घोळ तिथेच आहे.

सगळ्यात खाली डिस्प्ले सर्व्हर. स्क्रीन, कीबोर्ड, माउस त्याच्या ताब्यात. तुमच्याकडे तो एक्स-११ आहे, १९८७ पासूनचा, म्हणजे म्हातारा हे खरंच. त्याच्यावर विंडो मॅनेजर, तुमचा एक्सएफडब्ल्यूएम-४. खिडकीची वरची पट्टी, बंद करायचं बटण, खिडकी हलवणं, लहानमोठी करणं एवढंच त्याचं काम, आणि तो मधेच बंद पडला तर पट्ट्या गायब होतात, खिडक्या जागच्या हलत नाहीत पण चालू गाणं चालूच राहतं, कारण गाण्याचा प्रोग्राम वेगळा आणि स्क्रीनवर चित्र दाखवणाराही वेगळा. आणि एक्सएफसीई म्हणजे हा विंडो मॅनेजर, पॅनेल, थुनार फाइल मॅनेजर, सेटिंग्ज असा सगळा संसार, त्याला म्हणायचं डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट.

आय-थ्री हा नुसता विंडो मॅनेजर आहे. काहीच न काढता तो शेजारी टाका आणि लॉगिन स्क्रीनवर पासवर्ड देण्याआधी सेशन निवडायचा छोटा आयकॉन असतो तिथून आय-थ्री निवडा, नाही आवडलं तर लॉगआउट करून परत एक्सएफसीई. पण वायफाय, आवाज, बॅटरीचे आयकॉन आयते मिळतील ही अपेक्षा ठेवू नका, बरंच हाताने लावावं लागतं. रॅम थोडी वाचेल हो, पण ब्राउझरचे दहा टॅब उघडले की ती बचत कुठल्या कुठे जाते, त्यामुळे फक्त रॅमसाठी हा उद्योग मी तरी करणार नाही.

आता वेलँड. २००८ मध्ये सुरू झालेला हा प्रोटोकॉल आहे, म्हणजे प्रोग्रामांनी डिस्प्ले सर्व्हरशी कसं बोलायचं याचे नियम, आणि त्यात डिस्प्ले सर्व्हर नि विंडो मॅनेजर एकाच प्रोग्राममध्ये असतात, त्याला कंपोझिटर म्हणतात. ग्नोम नि केडीई ही एक्सएफसीईसारखीच दुसरी डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट, त्यातल्या ग्नोममध्ये मटर हा कंपोझिटर, केडीईमध्ये के-विन. फायदा मोठा आहे. एक्स-११ मध्ये कुठलाही प्रोग्राम दुसऱ्या खिडकीत टाइप केलेलं वाचू शकतो, अगदी पासवर्डसुद्धा, वेलँडमध्ये ते असं सहज जमत नाही. पण ग्नोम शेल, म्हणजे ग्नोमचा पॅनेल नि मेन्यू दाखवणारा भाग, अडकलं तर एक्स-११ वर ते एकटं रीस्टार्ट करता यायचं, वेलँडवर तसं करता येत नाही, कारण शेल नि कंपोझिटर एकाच प्रोग्राममध्ये असतात, शेलच कोसळलं तर अख्खं सेशन जातं, उघडे प्रोग्रामही बंद.

आणि गंमत म्हणजे दोन्ही मित्रांचं एकदम ऐकताच येणार नाही. आय-थ्री एक्स-११ वरच चालतं, तसंच काही वेलँडवर हवं तर स्वे नावाचं वेगळं आहे. एक्सएफसीईचा वेलँड सपोर्टही अजून प्रयोगाच्या पातळीवरच आहे. तुमचं बरं चाललंय ना, मग चालू द्या. हौस असेल तर एखाद्या रविवारी आय-थ्री टाकून बघा.