तोंडं बंद करायला लग्न करू नकोस

प्रश्न : मी २७ वर्षांचा, सांगली जिल्ह्यातला. नवरीचा मेकअप करतो, नऊवारी नेसवतो. काम भरपूर आहे. पण दोन स्थळांनी 'मुलगा तसला आहे का?' असं मध्यस्थाला विचारून नकार कळवला. वडील म्हणतात, हा धंदा सोड, लग्न झालं की तोंडं बंद होतील. माझ्याबरोबर हेअर करणारा मित्र समलिंगी आहे. लोक आमची जोडी लावतात, म्हणून त्याला ऑर्डरला न्यायचं बंद केलंय. ताई, मी तसला नाही हे लोकांना कसं पटवू?

उत्तर : तू लिहिलेला एक प्रसंग डोळ्यांसमोरून जात नाही. पहाटे चार वाजता गुडघ्यावर बसून तू नवरीच्या निऱ्या लावल्यास, तिच्या आजीने काष्टा ओढून बघितला आणि 'सुटायचा नाही हो' म्हणाली. आणि त्याच मांडवात, पंगतीत, नवरीच्या भावांनी तुझ्या हातांची नक्कल केली. घास कसा उतरला असेल तुझ्या घशाखाली!

मुंबईच्या सिनेसृष्टीत मेकअप करायचं संघटनेचं कार्ड कित्येक दशकं फक्त पुरुषांना मिळायचं. बायकांनी केस करायचे, चेहऱ्याला हात लावायचा नाही. मेकअप आर्टिस्ट चारू खुराणा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, तेव्हा नोव्हेंबर २०१४ मध्ये ती बंदी उठली. म्हणजे तिथे मेकअप हे पुरुषाचंच काम, करणारा 'मेकअपदादा'. आणि गावच्या मांडवात तोच ब्रश धरला की बायल्या. ब्रशवरून माणूस कुणावर प्रेम करतो ते कसं कळणार?

वडिलांची काळजी खरी आहे, पण तोडगा चुकीचा. कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी तमाशापटांत नाच्या इतका चोख वठवला की लोक त्यांनाच तसं समजायला लागले. घरी बायकामुलं होती, तरी बोलणाऱ्यांची तोंडं बंद झाली नाहीत. तुझी तरी कशी होतील? आणि पुरावा म्हणून घरात आणलेल्या मुलीचं काय? बघण्याच्या कार्यक्रमात तू सजवलेल्या नवरींचे फोटो दाखव, मुहूर्त पहाटेचा असला की रात्री घरी नसतो हे सांग, महिन्याची कमाई सांग. मुलीला काही विचारायचं असेल तर तिच्याशी एकट्याने, मोकळेपणाने बोल. मध्यस्थाला यात घेऊ नकोस.

आता तुझ्या मित्राबद्दल. इथे मला तुझा राग आला, लपवत नाही. 'तसला' हा शब्द तुला लागतो, कारण लोक तो शिवीसारखा वापरतात. पण 'मी तसला नाही' असं म्हणत त्याला दूर केलंस, तेव्हा ती शिवी तूच त्याला दिलीस. त्याचं समलिंगी असणं गुन्हा नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्वच्छ सांगितलंय. आजारही नाही. तुझी गावात चेष्टा होते, पण त्याने तर चेष्टेबरोबर निम्मं कामही गमावलं, तेही दोस्ताच्या हातून.

पुन्हा कुणी विचारलं, तर 'मी नवऱ्या सजवतो, बाकीचं माझं मी बघतो' एवढंच म्हण. आवाज चढवू नकोस, खुलासे देऊ नकोस. वडिलांना एकदा ऑर्डरवर घेऊन जा; त्या आजीसारखी एखादी त्यांनाही भेटू दे.

तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू होईल. पहिली ऑर्डर ठरली की मित्राला फोन कर. आधी माफी माग, मग तारीख सांग. तो लगेच हो म्हणेलच असं नाही. तरी कर.