गाठीत ऑक्सिजन कमी पडल्याचे कर्करोगाच्या पेशींना कसे समजते आणि त्या तग कशा धरतात?

पेशीला हे एचआयएफ-१ आल्फा या प्रथिनावरून समजते. पेशी ते सतत तयार करत असते आणि ऑक्सिजन पुरेसा असेपर्यंत काही मिनिटांतच नष्टही करत असते. नष्ट करायच्या प्रथिनावर खूण करण्याचे काम प्रोलिल हायड्रॉक्सिलेज ही विकरे करतात, आणि प्रत्येक खुणेसाठी ऑक्सिजनचा एक रेणू खर्ची पडतो. म्हणूनच ऑक्सिजन घटला की खूण होत नाही, विल्हेवाटीसाठी प्रथिन पकडणाऱ्या व्हीएचएलला ते ओळखता येत नाही, आणि साचलेले एचआयएफ केंद्रकात शिरून शेकडो जनुके चालू करते. त्यामुळे पेशी ग्लुकोजपासून ऑक्सिजनविना ऊर्जा मिळवण्यावर भर देते आणि व्हीईजीएफ हे रक्तवाहिन्या वाढवणारे प्रथिन स्रवून नव्या वाहिन्या गाठीकडे ओढून घेते. या वाहिन्या मात्र बहुधा वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात, त्यामुळे टंचाई पुरती संपत नाही. या यंत्रणेच्या शोधासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एक मर्यादा ध्यानात ठेवावी: एचआयएफ वाढलेले दिसले म्हणजे ऑक्सिजन कमीच आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. मूत्रपिंडाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगात बहुतेक वेळा व्हीएचएलचे जनुकच निकामी झालेले असते, त्यामुळे ऑक्सिजन मुबलक असतानाही एचआयएफ साचते. बेल्झुटिफान हे औषध तेथे नेमके एचआयएफ-२ आल्फा या एचआयएफ-१ आल्फाच्या भावंड प्रथिनालाच रोखते.