हेवनलीचे रीइश्यू घ्यावेत की सारा रेकॉर्ड्सच्या ओरिजनल कॉप्या शोधाव्यात?

रीइश्यू घ्या. ओरिजनलच्या नादाला लागू नका. मी लागलो होतो, ती गोष्ट पुढे सांगतोच.

तुम्ही लिहिलंय की रेकॉर्ड प्लेअर नुकताच घेतलाय, हेवनलीचे अल्बम परत निघालेत हे कळलंय, पण फॅन मंडळी म्हणतात खरी मजा सारा रेकॉर्ड्सच्या जुन्या कॉपीतच आहे आणि रीइश्यू म्हणजे नुसती झेरॉक्स, तर पुण्यात बसून एवढा खटाटोप करावा का. हे झेरॉक्सवालं मत मीसुद्धा दहा वर्षं छातीठोकपणे सांगत फिरलोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ज्यांनी नावही ऐकलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. हेवनली हा ऑक्सफर्डचा बँड, १९८९ चा. गाणारी अमेलिया फ्लेचर, ड्रमवर तिचा भाऊ मॅथ्यू, गिटारवर पीटर मोम्चिलॉफ, बेसवर रॉब पर्सी, आणि दुसऱ्या अल्बमपासून कीबोर्ड नि दुसरा आवाज कॅथी रॉजर्सचा. तेव्हाचे अल्बम चारच, १९९१, १९९२, १९९४ आणि १९९६. चौथा यायच्या जरा आधी मॅथ्यूनं आत्महत्या केली आणि हेवनली हे नाव तिथंच थांबलं, ते २०२३ मध्येच परत स्टेजवर आलं. अमेलियाबाई पुढे अर्थशास्त्रज्ञ म्हणून मोठ्या झाल्या, ब्रिटनच्या ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगमध्ये चीफ इकॉनॉमिस्ट होत्या, कंपन्यांमधली स्पर्धा आणि मक्तेदारी हाच त्यांचा विषय. हे वाचलं तेव्हा मला फार मजा वाटली, कारण गाणी ऐकून वाटतं की ही मुलगी अजून अकरावीच्या क्लासला सायकलवर चाललीये.

पहिले तीन अल्बम सारा रेकॉर्ड्सचे. ब्रिस्टलमध्ये क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स या दोघांनी १९८७ मध्ये हे लेबल काढलं आणि लेबलच्या प्रत्येक रेकॉर्डला ओळीनं नंबर असायचा, तर १९९५ मध्ये बरोबर शंभराव्या नंबरला बंद करून टाकलं, चालू असताना, पेपरात जाहिरात देऊन. त्यांच्या कलेक्शनच्या अल्बमांना नावं द्यायचे ती ब्रिस्टलकडच्या जागांची, एअर बलून रोड, टेंपल क्लाउड, आणि शेवटच्याचं नाव देअर अँड बॅक अगेन लेन, जी खरोखरची गल्ली आहे. आपल्याकडे कुणी असं लेबल काढलं असतं तर शंभर काय पाचशे नंबर झाले असते, पासोड्या विठोबा, पत्र्या मारुती, नळ स्टॉप, नावांना मरण नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. सारावाल्यांचा एक हट्ट होता की सिंगल म्हणून, म्हणजे एकदोन गाण्यांच्या छोट्या तबकडीवर, निघालेलं गाणं शक्यतो परत अल्बमात घालायचं नाही. कारण एकाच गाण्याचे लोकांकडून दोनदा पैसे घेणं त्यांना पटायचं नाही. फारच सज्जन विचार, तेव्हा सिंगल दुकानात स्वस्तात मिळायची म्हणून ठीकच होता. पण आज काय झालंय बघा. 'हेवनली व्हर्सेस सेटन' हा पहिला अल्बम आठ गाण्यांचा, अर्ध्या तासाच्या आत संपतो. 'आय फेल इन लव्ह लास्ट नाइट' आणि 'अवर लव्ह इज हेवनली' या १९९० च्या सिंगल त्यात नाहीत. म्हणजे ओरिजनलचा धर्म पाळायचा तर अल्बम वेगळा, त्या सात इंची तबकड्या वेगळ्या, प्रत्येकीचा विकणारा वेगळा, प्रत्येकीचं पोस्टेज वेगळं. जे दोनदा पैसे नकोत म्हणून केलं त्याचे आता पाचदा पैसे जातात, आणि त्यातला एक पेनीसुद्धा बँडला मिळत नाही, सगळा त्या विकणाऱ्याच्या खिशात.

रीइश्यू काढलेत स्केप वॅक्स या लेबलनं, आणि हे लेबल आहे अमेलिया आणि रॉब यांचंच. २०२२ मध्ये पहिला अल्बम परत आला, मग पुढचे एकेक करून, आणि त्या त्या काळातल्या सिंगल सोबत जोडून. म्हणजे ज्यांनी वाजवलं तेच विकतायत. याला झेरॉक्स म्हणायचं तर मग काय बोलणार.

माझी फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या अल्बमची, 'ल जार्दां द हेवनली'ची, सारावाली ओरिजनल कॉपी मला परदेशातल्या एका विकणाऱ्याकडे दिसली, फोटो झकास, खाली लिहिलेलं की जवळजवळ नवीन. रेकॉर्डचे पैसे भरले, पोस्टेज भरलं, आणि पार्सल आलं ऐन मे महिन्यात, दारात ड्युटीचे वेगळे मोजले, बायको मागे उभी राहून बघत होती आणि काही बोलत नव्हती, जे जास्त वाईट. उघडलं तर रेकॉर्डच्या एका कडेला पापडासारखा फुगवटा. लावली तर सुई प्रत्येक फेरीला टेकाडावर चढायची आणि धाडकन खाली यायची, आवाज जरासा डगमगायचा, आणि पहिल्या गाण्यात तर सुई चक्क उडी मारून पुढे जायची. विकणाऱ्याला लिहिलं तर म्हणाला वाटेत झालं असेल. असेलही. पुठ्ठा मात्र त्यानं एकच पातळ लावला होता. मग मी टीपॉयच्या दोन काचांमध्ये रेकॉर्ड ठेवून गच्चीत उन्हात दाबायचा प्रयोग केला. फुगवटा थोडा बसला, पण उन्हाचा अंदाज चुकला आणि खोबणीच जरा मऊ पडल्या, आता ती सगळी पावसात वाजल्यासारखी ऐकू येते. भिंतीवर फ्रेम करून लावलीये. पुण्याच्या उन्हात हा उद्योग करू नका, काचा दाबून घरातच सावलीत आठवडाभर ठेवा, फरक पडला तर पडला.

एका बाबतीत ओरिजनलवाल्यांचं म्हणणं मला मान्य आहे. एलपीच्या एका बाजूला साधारण वीसबावीस मिनिटं आरामात मावतात, त्यापुढे गाणी कोंबली की खोबणी एकमेकींना खेटून काढाव्या लागतात आणि आवाज बारीक होतो, बेस आधी जातो. त्यामुळे मोठ्या अल्बमवर बोनस गाणी चिकटवली की खरंच वाट लागते. पण हेवनलीचे अल्बम मुळात इतके आखूड की चार गाणी वाढली तरी जागा उरते.

आणि ओरिजनल म्हणजे तरी काय हो? आमच्या घरी गीतरामायणाचा रेकॉर्डचा जुना सेट आहे, बाबूजींच्या आवाजातला, बाबा तो कुणाला हात लावू देत नाहीत, हेच ओरिजनल म्हणतात. आणि आजी म्हणायची, कसलं ओरिजनल, ओरिजनल तर १९५५-५६ मध्ये पुण्याच्या रेडिओवर झालं, तेव्हा माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते, लता होती, आम्ही शेजारच्यांच्या ओट्यावर बसून ऐकलंय. म्हणजे बाबांचं ओरिजनल हे आजीच्या हिशेबानं रीइश्यूच. यावर आमच्याकडे दर रामनवमीला वाद व्हायचा.

बाकी माझी सुरुवात कुठल्याच रेकॉर्डवर झालेली नाही. कॉलेजात असताना एका मित्राच्या चुलतभावानं इंग्लंडहून एमपीथ्रीची सीडी जाळून आणली होती, गाण्यांची नावंसुद्धा अर्धवट. आई खोलीत डोकावून म्हणाली, हे काय बालवाडीचं लावलंयस. मलाही तेव्हा ते गोडगोडच वाटायचं. मग कधीतरी 'हार्ट्स अँड क्रॉसेस'चे शब्द नीट ऐकले, १९९३ च्या सिंगलवरचं गाणं. सुरुवातीला तोच लाडिक सूर, मुलगी मुलाची स्वप्नं बघतेय, आणि मग तोच मुलगा तिच्यावर बळजबरी करतो, आणि चाल मात्र तशीच उड्या मारत राहते. बसमध्ये होतो, हेडफोन काढून ठेवले. हे गाणं सिंगलपुरतंच असल्यामुळे तेव्हा नुसते अल्बम घेणाऱ्याला ते मिळालंच नसतं, म्हणून मला बोनस गाण्यांचं एवढं कौतुक.

तर पहिला घ्या तो 'सेटन', आवडला तर १९९४ चा तिसरा. एकच रेकॉर्ड मागवू नका, पोस्टेज रेकॉर्डएवढंच पडतं, दोनतीन एकदम मागवा आणि पार्सल पावसाळा संपल्यावर येईल असं बघा. माझा चौथा राहिलाय. मागवायचं ठरलं तर इथंच खाली कळवा, पोस्टेज अर्धंअर्धं करू, नळ स्टॉपला येऊन घेऊन जातो.