रॉकेटच्या इंधनात शिसं कशाला?

प्रश्न: घन इंधनाच्या रॉकेटमध्ये शिशाची संयुगं घालतात आणि आता ती काढायचं चाललंय असं वाचलं. एवढा जड धातू घालतातच कशाला? आणि विषारी आहे तर सरळ काढून का टाकत नाहीत?

उत्तर: सगळ्याच रॉकेटमध्ये शिसं नसतं हो. स्पेस शटलच्या त्या दोन पांढऱ्या बूस्टरमध्ये अमोनियम परक्लोरेट आणि अ‍ॅल्युमिनियमची पूड होती, तिथे शिशाचं काही कामच नव्हतं. शिसं लागतं ते डबल बेस इंधनाला, म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि नायट्रोग्लिसरीनवालं, जे लष्कराच्या छोट्या रॉकेटमध्ये वापरतात कारण धूर कमी. आणि तिथेही ते थोडंसंच असतं, त्यामुळे वजनाचं टेन्शन नाही.

खरी गोम रॉकेटच्या आतल्या प्रेशरची आहे. नुसतं डबल बेस घेतलं तर प्रेशर दुप्पट झालं की जळायचा वेग साधारण दीडपटीच्या वर जातो, वेग वाढला की गॅस वाढतो, गॅस वाढला की परत प्रेशर, त्यात उन्हात तापलेलं रॉकेट आणि बर्फात पडलेलं रॉकेट वेगवेगळं जळणार. शिशाचं सॅलिसिलेट वगैरे घातलं की जळत्या पृष्ठभागावर काजळीचा काळा थर धरतो आणि कमी प्रेशरलाच इंधन झपाट्याने जळायला लागतं, मग प्रेशर चढत गेलं की तो थर विरत जातो आणि ती जास्तीची मदत बंद होते. म्हणून प्रेशर आणि जळायच्या वेगाचा ग्राफ मधेच सपाट होतो, त्याला प्लॅटो म्हणतात, आणि मोटर, म्हणजे रॉकेटचा इंधन जळणारा भाग, बनवणाऱ्याला नेमका तोच हवा असतो.

आता शिसं नुसतं काढलं तर प्लॅटोही गेला! म्हणून बदली म्हणून बिस्मथ, तांब्याच्या संयुगांच्या जोडीने. आवर्त सारणीत शिसं 82, बिस्मथ 83, अगदी शेजारी, आणि स्वभावाने पुष्कळ गरीब. बिस्मथचं सॅलिसिलेट तर लोक पोट बिघडल्यावर औषध म्हणून घेतात, शिशाची मात्र शरीरात सुरक्षित अशी पातळीच नाही, आणि ते कारखान्यात इंधन मळणाऱ्यापासून फायरिंग रेंजच्या मातीपर्यंत सगळीकडे पोचतं.

पण शेजारी असला म्हणून जुळा होत नाही. बिस्मथने प्लॅटो मिळतो, फक्त तो जुन्याच प्रेशरला आणि तेवढाच रुंद मिळेल याची खात्री नाही, आणि जुनी मोटर तर त्याच प्रेशरवर बेतलेली असते. म्हणजे गरम, थंड, वर्षानुवर्षं गोदामात पडलेलं, सगळ्या टेस्ट पहिल्यापासून. माझ्या मते नव्या डिझाइनमध्ये शिसं घालायला आता काही निमित्त उरलेलं नाही. जुन्या साठ्याचं तसं नाही, तो उडवला काय किंवा नष्ट करायला उघड्यावर जाळला काय, आतलं शिसं धुरातून बाहेर येणारच.