मिसुरीत जुन्या पेशंट्सना कायद्याने सूट होती ना, मग डॉक्टरांनी औषधं का थांबवली?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या मिसुरी राज्याच्या 2023 च्या कायद्यात आधीपासून जेंडर ट्रान्झिशनची (लिंगबदलाची) औषधं घेणाऱ्या मुलांना चालू ठेवायची परवानगी होती, तरी सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीने सगळ्याच अल्पवयीन मुलांना औषधं देणं का बंद केलं. मी इथेच सेंट लुईसला डॉक्टरांच्या मालप्रॅक्टिस इन्शुरन्सचं (उपचारातल्या चुकीबद्दल केस झाली तर लागणाऱ्या विम्याचं) काम करते, वकील नाहीये, पण हे आमच्या टेबलावरचंच प्रकरण आहे म्हणून लिहिते.

सगळे बंदीबद्दलच बोलतात. नवीन पेशंट्ससाठी औषधांवर बंदी 28 ऑगस्ट 2023 पासून आली आणि कायद्यात तिची मुदत 2027 पर्यंतचीच लिहिली होती, आणि जुन्यांना सूट हे तुमचं बरोबर आहे. पण त्याच कायद्यात पुढे एक कलम आहे की लहानपणी प्युबर्टी ब्लॉकर (वयात येणं लांबवणारी औषधं) किंवा हार्मोन्स दिलेला पेशंट डॉक्टरवर केस करू शकतो आणि ती वयाच्या 21 नंतर 15 वर्षांपर्यंत किंवा उपचार थांबल्यावर 15 वर्षांपर्यंत, यातलं जे उशिराचं असेल तोपर्यंत. म्हणजे कमीत कमी 36 वय! एरवी मिसुरीत मालप्रॅक्टिसची केस 2 वर्षांत टाकावी लागते, मुलांना विसाव्या वाढदिवसापर्यंत वेळ असतो. आपल्याकडे ग्राहक आयोगातही 2 च वर्षं आहेत.

बरं, मुदत एकवेळ सोडा. पेशंटला नंतर मूल होत नसेल तर ते या औषधांमुळेच असं कोर्ट आधी धरून चालणार, आणि तसं नाहीये हे डॉक्टरने सिद्ध करायचं, तेही अगदी ठाम पुराव्याने. पेशंट जिंकला तर भरपाई कमीत कमी 5 लाख डॉलर्स. कमीत कमी हां, जास्तीत जास्त नाही. आता समजा 50 वर्षांच्या डॉक्टरने 14 वर्षांच्या मुलाला औषध दिलं तर त्याच्या डोक्यावर ही टांगती तलवार बहात्तरीपर्यंत, तोवर तो रिटायर होऊन नातवंडं खेळवत असणार. इथे बऱ्याच पॉलिसी अशा असतात की बंद केली की मागच्या कामासाठी वेगळं कव्हर विकत घ्यावं लागतं, त्याला टेल म्हणतात. आपल्याकडे हत्ती गेला नि शेपूट राहिलं म्हणतात ना, इथे शेपूटच हत्तीपेक्षा मोठं झालंय, त्याची किंमत काय लावणार?

म्हणून सप्टेंबर 2023 मध्ये युनिव्हर्सिटीने सरळ सांगितलं की केस करण्याच्या या नव्या हक्कामुळे न पेलणारी जोखीम येते, म्हणून औषधं बंद. सूट कागदावरच राहिली.

शेजारचं आर्कान्सा राज्य तर आणखी हुशार निघालं. त्यांची 2021 ची बंदी कोर्टाने अडवून ठेवली होती, तर मार्च 2023 मध्ये त्यांनी फक्त केस करण्याचा कायदा आणला, 18 नंतर 15 वर्षं मुदत. बंदी न घालता बंदी! (पुढे 2025 मध्ये अपील कोर्टाने ती जुनी बंदीही वैध ठरवली, सो आता दोन्ही आहे.) टेनेसीत मुदत 18 नंतर 30 वर्षं.

माझं मत विचाराल तर मुदत वाढवण्यामागचं कारण मला पटतं, चौदाव्या वर्षी घेतलेल्या निर्णयाचा पस्तावा पंचविशीत झाला तर त्या माणसाने जायचं कुठे. पण मग तीच मुदत लहान मुलांच्या बाकी सगळ्या उपचारांना का नाही? आणि सिद्ध करायची जबाबदारी डॉक्टरवर ढकलणं तर अजिबात पटत नाही.

तुम्ही इकडे यायचं बघताय आणि घरातल्या कुणासाठी विचारत असाल तर दोन गोष्टी, काउन्सेलिंगवर या कायद्यात बंदी नाही आणि नदीवरचा पूल ओलांडला की इलिनॉय राज्य, तिथे मिसुरीसारखा कायदा नाहीये. मात्र तिथलं हॉस्पिटल तुमच्या इन्शुरन्समध्ये बसतं का ते नोकरीची ऑफर घेतानाच विचारून घ्या.