अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह लोकांना ‘संस्थापकांची मूल्यं धोक्यात आहेत’ असं सतत का वाटतं? धोका नक्की कोणाकडून?

प्रश्नाखाली तुम्ही जी ओळ जोडली आहे, ‘निवडणूक हरले की यांना संविधान आठवतं, आणि आपले भारतीयही तिकडे जाऊन त्यांच्या सुरात सूर मिसळतात’, ती वाचून राहवलं नाही. मी मूळचा कराडचा, आता फिलाडेल्फियाच्या उपनगरात राहतो, रिपब्लिकन म्हणून नोंदवलेला मतदार आहे. २०२० साली ज्या राज्याच्या मतमोजणीवरून जगभर गदारोळ झाला, त्याच पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका मतदान केंद्रावर दिवसभर टेबलामागे बसलो होतो. टेक्सासमधला माझा सख्खा मेव्हणा अजूनही फोनवर म्हणतो, “दाजी, तुमच्या डोळ्यांदेखत चोरी झाली.” तेव्हा हे उत्तर थोडं त्यालाही आहे.

आधी तुमचं विचारलेलं. जुन्या वळणाच्या कॉन्झर्व्हेटिव्ह माणसाला संस्थापक म्हणजे देव वाटत नाहीत. त्याला आवडतो तो त्यांचा संशयी स्वभाव. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात खिडक्या बंद करून ५५ जण आलटून पालटून बसले, शेवटी ३९ जणांनी सह्या केल्या, आणि जे संविधान बनवलं त्याचा गाभा एवढाच की कोणावरही पूर्ण विश्वास ठेवायचा नाही. ना राष्ट्राध्यक्षावर, ना संसदेवर, ना जनतेवर. माणसं देवदूत असती तर सरकारची गरजच पडली नसती, असं त्यांच्यातल्याच मॅडिसनने लिहून ठेवलंय. म्हणून दोन सभागृहं, नकाराधिकार, राज्यांचे वेगळे अधिकार, आणि दुरुस्ती करायची तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि वर ५० पैकी ३८ राज्यांची मंजुरी. सव्वादोनशेहून जास्त वर्षांत २७ दुरुस्त्या. आपल्या घटनेत पंचाहत्तर वर्षांत शंभराच्या वर झाल्या. मला इथली पद्धत बरी वाटते. तुम्हाला वाटत नसेल तर तो वेगळा वाद.

गंमत म्हणजे भारतात २०२४ ला ‘संविधान धोक्यात’ म्हणणारे बहुतेक डावीकडचे होते. इथे तेच वाक्य पिढ्यानपिढ्या उजवीकडचे म्हणत आलेत. त्यांचा मुख्य धोका ऐकाल तर कंटाळवाणा वाटेल: वॉशिंग्टनमधली खाती. संसद मोघम कायदा करते, मग निवडून न आलेले अधिकारी त्यात वाट्टेल ते भरतात, आणि कोर्ट म्हणतं की त्यांना जास्त कळतं. न्यू जर्सीच्या केप मे बंदरातल्या हेरिंग पकडणाऱ्या मच्छीमारांचंच घ्या. बोटीवर सरकारी निरीक्षक घ्यायचा आणि त्याचा पगारही तुम्हीच द्यायचा, दिवसाला सातशे डॉलर्सच्या घरात, असा नियम खात्याने काढला. पगार मच्छीमारांनी द्यावा असं त्यांच्या मासेमारीबद्दल कायद्यात कुठे लिहिलेलं नव्हतं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०२४ च्या जूनमध्ये कोर्टाने, खाती कायद्याचा जो अर्थ लावतील तो मुकाट मानायची १९८४ पासूनची रीतच मोडीत काढली. कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळींनी दिवाळी केली.

पण ही रीत घालणारा १९८४ चा निकाल आला तेव्हाही टाळ्या त्यांनीच वाजवल्या होत्या! तेव्हा खाती रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगनच्या हाताखाली होती ना. पर्यावरण खात्याच्या ज्या नियमावरून तो निकाल लागला, तो नियम काढला तेव्हा त्या खात्याची प्रमुख होती अ‍ॅन गोरसच. चाळीस वर्षांनी ती रीत मोडणाऱ्या न्यायमूर्तींमध्ये तिचा मुलगा नील गोरसच होता. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. सत्ता आपल्या माणसाच्या हातात असली की ती डोळ्यांत सलत नाही, आणि हाच रोग ओळखून संस्थापकांनी ती सगळी कुलपं लावून ठेवली होती.

बाकीच्या धोक्यांबद्दल थोडक्यात. सरकारी कर्ज ३६ लाख कोटी डॉलर्सच्या पुढे गेलंय. ही भीती शंभर टक्के खरी, आणि दोन्ही पक्ष तितकेच दोषी. विद्यापीठांमध्ये न पटणाऱ्या वक्त्याला हुसकावून लावणं, हेही खरं. ‘बाहेरचे लोक येऊन आपली संस्कृती बुडवतात’, यात मला तथ्य वाटत नाही, आणि मी स्वतःच कराडहून आलोय, तेव्हा तुम्हाला कारण कळेल.

आता तुमचा टोमणा, की त्या संस्थापकांनी तुमच्यासारख्याला नागरिक केलं असतं का. नसतं केलं. १७९० च्या पहिल्याच नागरिकत्व कायद्यात ‘मुक्त गोरा माणूस’ अशी अट आहे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या शीख माणसाला, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असूनही, सुप्रीम कोर्टाने तू गोरा नाहीस म्हणून सांगितलं. आपल्या लोकांना रीतसर नागरिकत्व मिळायला १९४६ उजाडलं. भारतातून पाहुणे आले की त्यांना फिलाडेल्फियाला नेऊन आणणं आमच्याकडे ठरलेलंच, आणि फुटकी लिबर्टी बेल ही ऐतिहासिक घंटा दाखवून झाली की मी त्यांना मुद्दाम बाजूची जागा दाखवतो, जिथे राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनचं घर होतं. त्या घरात त्याने नऊ गुलाम ठेवले होते. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने परराज्यातून आणलेला गुलाम सहा महिने इथे राहिला की मोकळा व्हायचा, म्हणून मुदत भरायच्या आत हा महापुरुष त्यांना राज्याबाहेर फिरवून आणायचा. त्यातली ओनी जज ही मुलगी १७९६ मध्ये मालक जेवायला बसलेले असताना पळाली आणि पुन्हा हाती लागली नाही.

हे सगळं मान्य करूनही मी त्यांच्या बाजूने का, तर ज्या वाक्याने हे लोक उघडे पडतात ते वाक्यही त्यांनीच लिहून ठेवलं. सगळी माणसं समान निर्माण झाली आहेत, हे १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलं वाक्य लिंकनने गुलामगिरीच्या छाताडावर ठेवलं. आणि आपल्याकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं ते अर्पण कोणाला केलं? गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. ज्योतीबांना माणसाच्या हक्कांवर लिहिणारा थॉमस पेनही ठाऊक होता आणि गुलामांचा व्यापारही. त्यांनी विचार टाकून दिला नाही, मापायला वापरला. ‘आपले भारतीय तिकडे जाऊन’ वगैरे म्हणायच्या आधी हे बघा. तिकडे न जाताही माणूस हे शिकला होता.

आता २०२०. इथे दर प्रभागाच्या मतदान केंद्रावर दोन्ही पक्षांची माणसं एका टेबलाशी बसतात. आमच्या पक्षाच्या निवडणूक इन्स्पेक्टरने मला क्लार्क म्हणून घेतलं होतं. माझ्या शेजारी डेमोक्रॅट बाई, निवृत्त शिक्षिका. सकाळी ७ ला दार उघडायच्या आधी मतं मोजणाऱ्या स्कॅनरमधून एक लांब पट्टी निघते, प्रत्येक उमेदवारापुढे शून्य. ती सगळ्यांनी वाचायची, सगळ्यांनी सही करायची. आमच्या दारापासून रांग पार्किंगच्या टोकापर्यंत गेली होती.

दुपारी एक गृहस्थ आले. त्यांच्या नावापुढे यादीत ‘टपाली मतपत्रिका पाठवली’ असा शेरा. ती परत आणली असती, पाकिटासकट, तर रद्द करून इथे साधं मत देता आलं असतं. त्यांनी ती कचऱ्यात टाकली होती. मग नियमाने प्रोव्हिजनल मत, म्हणजे वेगळ्या पाकिटात, जे नंतर टपाली मत आलेलं नाही याची खात्री करून मोजतात. गृहस्थ भडकले. माझं मत बाजूला काढताय म्हणून आवाज चढवला, मग माझ्या बिल्ल्यावरचा पक्ष बघून हळूच म्हणाले, तू तर आपल्यातला ना, दे की साधी पत्रिका. मी म्हटलं, साहेब, तुमच्या नावाने दुसऱ्या कोणी टपालाने मत पाठवलं असतं तर हीच अडवणूक तुम्हाला हवी होती. शिक्षिकाबाई काही बोलल्या नाहीत, फक्त पाकीट पुढे सरकवलं. गृहस्थांनी सही केली आणि पेन आपटून गेले.

रात्री ८ ला दार बंद झालं आणि हिशेब जुळेना. मतदारांच्या यादीतला आणि स्कॅनरचा आकडा सारखाच, पण वापरलेल्या पत्रिकांचा आकडा त्याहून एकाने जास्त. एक! निकालावर ज्याचा काडीचा परिणाम नाही अशा एका कागदासाठी आम्ही सगळे, दोन्ही पक्षांचे, टेबलाखाली रांगत होतो, कचऱ्याची पिशवी उलटी करत होतो. शेवटी खराब झालेली एक मतपत्रिका दुसऱ्या पाकिटाच्या तोंडाला चिकटलेली सापडली. ती बदलून मतदाराला नवी दिलेली होती. ती नोंदवली, हिशेब जुळला, पट्टीवर सह्या झाल्या, एक प्रत दारावर चिकटवली, मग घरी गेलो. माझा पक्ष आमच्या केंद्रावर सपाटून हरला होता.

मेव्हण्याचं म्हणणं, मग रात्री ट्रम्प पुढे आणि तीन दिवसांनी मागे कसा? अरे बाबा, टपाली मतं २५ लाखांच्या वर आली होती आणि मतदानाच्या दिवशी सकाळी ७ च्या आधी पाकिटं उघडायला कायद्याने बंदी. सरसकट टपाली मतदान आणणारा तो २०१९ चा कायदा रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळानेच मंजूर केलेला, आणि पाकिटं आधी उघडू द्या अशी मागणी झाली तेव्हा त्यावर तोडगा निघालाच नाही. घराबाहेर न पडणारे बहुतेक डेमोक्रॅट होते, त्यांची मतं शेवटी मोजली गेली. फरक ८० हजारांच्या आसपास. देशभर साठच्या वर खटले झाले. फिलाडेल्फियातल्या अपील कोर्टात ट्रम्पच्या प्रचारयंत्रणेचा अर्ज फेटाळणारा निकाल लिहिला तो न्यायाधीश बिबास यांनी, ज्यांना खुद्द ट्रम्पने नेमलेलं. त्यांचं म्हणणं साधं होतं, निवडणूक अन्यायाची होती असं म्हटल्याने ती तशी ठरत नाही, पुरावा लागतो.

म्हणून माझ्या मते गेल्या काही वर्षांतली सगळ्यात कॉन्झर्व्हेटिव्ह गोष्ट ट्रम्पचा तेव्हाचा उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्सने केली. ६ जानेवारी २०२१ ला संसदेत राज्यांची मतं मोजताना, ती बाजूला सारायचा अधिकार मला घटनेने दिलेला नाही म्हणाला, आणि मोजणी पूर्ण केली. बाहेर जमाव त्याला फाशी द्यायच्या घोषणा देत होता. त्याच्या बाकीच्या अर्ध्या मतांशी माझं जमत नाही, पण संस्थापकांचं नाव घ्यायचं तर असं घ्यावं. आणि २०२५ मध्ये १९७७ च्या आणीबाणी कायद्याचं बोट धरून राष्ट्राध्यक्षाने परस्पर आयातशुल्कं लावली, तेव्हा कर लावायचा अधिकार पहिल्याच कलमात संसदेला दिलाय हे आमच्या लोकांना आठवायला हवं होतं. छोटे व्यापारी कोर्टात गेले, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं, आणि आमचे बहुतेक खासदार तोवर गप्प. हेच ओबामाने केलं असतं तर मेव्हणा उपोषणाला बसला असता.

यावर तो म्हणतो, दाजी, तुम्ही खरे रिपब्लिकनच नाही. असेन नसेन. त्याला मी सांगितलंय, तुझ्या कौंटीतही निवडणुकीला क्लार्क लागतात, अर्ज भर, एक दिवस बस, रात्री तो आकडा जुळवून दाखव, मग चोरीबद्दल बोलू. दर वेळी त्याला सुट्टी नसते.

तुम्ही विचारलंत त्यातलं बरंच राहिलं याची कल्पना आहे. शिवाय मी एका केंद्रावरचं बघितलं, अख्ख्या देशाचं नाही, आणि माझ्यासारखे रिपब्लिकन आता पक्षात थोडेच उरलेत, तेव्हा त्यांचं सर्वसाधारण मत म्हणून हे वाचू नका. गर्भपाताबद्दल आणि बंदुकांबद्दल मुद्दाम लिहिलं नाही. बंदुकांवरून तर माझं बायकोशीही पटत नाही, आणि ती त्या मेव्हण्याचीच बहीण आहे.