"खालच्या वर्गांत नीट शिकवत नाहीत", ही तक्रार न्यायची कुठे?

आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंची ही अडचण प्रातिनिधिक म्हणून घेऊ. घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान, हे मुलांना तोंडपाठ आहे. पण ॲल्युमिनियमची घनता २.७ ग्रॅम प्रति घन सेंमी आणि तुकड्याचं आकारमान २० घन सेंमी, तर वस्तुमान किती, असं विचारलं की बरीच मुलं २० ला २.७ ने भागायला घेतात. उत्तर ५४ ग्रॅम आहे, ते थोड्यांनाच येतं. बाई म्हणतात, "दर वर्षी सुरुवातीला मी विज्ञान बाजूला ठेवून खालचं गणितच शिकवते. खालच्या वर्गांच्या शिक्षकांना सांगावं तर राग येतो, न सांगावं तर मुलांचं नुकसान. करू तरी काय?"

बाईंची तक्रार खरी आहे, मांडण्याची पद्धत मात्र बदलावी लागली. त्यांनी आधी एक बैठक घेतली होती आणि मुलांना काय काय येत नाही याची यादी वाचून दाखवली होती. तिसरीच्या बाई त्यानंतर एक शब्द बोलल्या नाहीत. यात नवल नाही. प्राथमिकचे शिक्षक बहुधा सगळेच विषय शिकवतात आणि त्यांच्यातल्या काहींच्या मनात गणिताची धास्ती स्वतःच्या शाळेपासून असते. विषयतज्ज्ञाने यादी वाचली की असा माणूस एक तर वाद घालतो, नाही तर गप्प बसतो. दोन्हींत मूल नेमकं कुठे अडतं, ही त्याच्याकडची माहिती त्याच्याकडेच राहते.

म्हणून पहिला सल्ला: यादी बाजूला ठेवा, वह्या न्या. प्रत्येक टप्प्याचा एक शिक्षक, म्हणजे चार-पाच जण, पुरे. प्रत्येकाने तीन वह्या आणायच्या: सहज जमणाऱ्या मुलाची, मधल्याची आणि अडलेल्याची. नावं झाकायची. पहिली दहा मिनिटं मुलाने काय लिहिलंय एवढंच बोलायचं. "यायला हवं होतं" हे शब्द वर्ज्य. मग मुलाने काय विचार केला असेल, याचा अंदाज. आपण वर्गात काय म्हणतो, हे त्यानंतर.

दुसरा सल्ला: सगळ्या वर्गांना एकच प्रश्न द्या. इथे तिसरी, पाचवी, सातवी आणि आठवीला हा दिला: ८ + ४ = □ + ५. चौकटीत ७ यायला हवेत. पण १२ लिहिणारी मुलं चारही वर्गांत निघाली, आठवीतही. काहींनी सगळ्याच संख्यांची बेरीज करून १७ लिहिले. या मुलांच्या लेखी बरोबरचं चिन्ह म्हणजे "आता उत्तर लिही" अशी सूचना. दोन्ही बाजू समान आहेत, हा अर्थ त्यांच्यापर्यंत पोचलेलाच नाही.

आता चारही वर्गांतल्या सवयी शेजारी ठेवून पाहा. तिसरीत सगळी उदाहरणं ७ + ५ = ? अशीच, रिकामी जागा कायम उजवीकडे. पाचवीच्या फळ्यावर पायऱ्या सलग लिहिल्या जातात: १२ + ७ = १९ × २ = ३८. हिशोब चुकलेला नाही, पण या लिखाणानुसार १२ + ७ म्हणजे ३८. सातवीत "पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं" हा नियम. मग ३क्ष + ५ = २० सोडवताना मूल ३क्ष = १५ पर्यंत नीट येतं आणि पुढे क्ष = १५ − ३ = १२ लिहितं. त्याने नियम तंतोतंत पाळलाय! आणि आठवीत घनतेसाठी सूत्राचा त्रिकोण, म्हणजे वर वस्तुमानाचं अक्षर, खाली घनता आणि आकारमानाची: हवं ते अक्षर बोटाने झाका, उरलेलं उत्तर. वर कोणतं अक्षर होतं हे विसरलं की भागाकार उलटा होतो.

चूक एका वर्गाची नाही, हे वह्यांमधून दिसतं, तेव्हा तिसरीच्या बाईही बोलू लागतात. १२ = ७ + ५ असं उलटं लिहिणं आणि "६ + २ = २ + ६, खरं की खोटं?" असं विचारणं ही त्यांचीच सूचना. दोन पारड्यांचा तराजू त्या वापरतच होत्या. तोच तराजू सातवीत समीकरणाला आणि आठवीत सूत्राला वापरायचा, दोन्ही बाजूंवर एकच क्रिया करायची, असं ठरलं. "पलीकडे नेणं" सत्रभर बंद.

आलेखाचंही असंच. मुलं विज्ञानाच्या आलेखात ०, २, ५, ९ मिनिटं सारख्या अंतरावर लिहितात, कारण प्राथमिकच्या स्तंभालेखात प्रकार सारख्या अंतरावरच मांडलेले असतात आणि तिथे ते चालतं. अक्षावर संख्या आल्या की अंतर बदललं पाहिजे, हे सांगायची पाळी कोणाची, हे कोणीच ठरवलेलं नसतं. त्यासाठी एक साधा तक्ता करा: विज्ञानाला गुणोत्तर, दशांश भागाकार, आलेख कोणत्या आठवड्यात लागतात आणि गणितात ते कधी होतात. विज्ञान पुढे पळतंय असं दिसलं, तर पाठांचा क्रम बदलता येतो का, ते आधी पाहा.

त्यापुढची पायरी एकमेकांच्या वर्गात बसण्याची. जपानमध्ये शिक्षक एकत्र पाठ आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे पाहतात. ही पद्धत तिथे शंभरहून अधिक वर्षं रुजलेली आहे. पाहणाऱ्याने मागच्या बाकावर बसून शिक्षकाकडे बघू नये. दोन मुलं निवडावीत आणि ती काय लिहितात, काय खोडतात, शेजाऱ्याला काय सांगतात, हे टिपावं. नंतर आधी शिकवणाऱ्याने बोलावं.

हे बिघडतं कशाने? मुख्याध्यापक मूल्यमापनाचा कागद घेऊन बसले, की लगेच. तुकड्यांच्या गुणांची तुलना सुरू झाली, की वह्या येणं थांबतं. एका सत्रात चार विषय घेतले तर एकही धड होत नाही, एकच घ्या. शाळा सुटल्यावरची बैठक थकलेल्या माणसांची असते, म्हणून वेळापत्रकातच पंधरवड्याला एक तास सगळ्यांना मोकळा मिळवा. मुख्याध्यापकांकडे मागायची मुख्य गोष्ट हीच. आणि वरच्या वर्गांच्या शिक्षकांनी शेवटी बोलावं, हे आम्ही आग्रहाने सांगतो.

बाईंसाठी एक वाक्यही बदललं. "तुम्ही हे शिकवत नाही का?" ऐवजी "हे तुमच्या वर्गात कसं मांडता? मला तसंच पुढे न्यायचंय."

सत्र संपताना १५ − ३ लिहिणारी मुलं कमी झालेली दिसली. घनतेची शाब्दिक उदाहरणं मात्र अजून अडतात, कारण तिथे दशांशाने भागणं आणि एककं दोन्ही एकदम येतात. पुढच्या सत्राचा विषय दशांश. सुरुवातीचा प्रश्नही ठरलाय: ०.३५ मोठा की ०.५, आणि का? पाचवीपासून वर, सगळ्यांना.